हात मागे पडत नाहीये, आवाज मागून येतोय

पत्र असं आहे :

‘दादा, मी ठाण्याला राहते, बँकेत नोकरी करते, वय ३८. कॉलेजात अर्धवट सुटलेली गिटार मागच्या दिवाळीपासून पुन्हा हातात घेतली. इलेक्ट्रिक गिटार मैत्रिणीच्या भावाकडून सेकंडहँड मिळाली, सोबत १० वॉटचा छोटा अँप (अँप्लिफायर). मुलगी साडेनऊला झोपते, त्यानंतरचा एक तास माझा. लॅपटॉपवर धडे आणि बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्ड केलेलं संगीत, लावून वाजवते. ट्रॅक आणि गिटार एकाच हेडफोनमध्ये ऐकू यावं म्हणून गिटारच्या वायरला कन्व्हर्टर पिन लावून ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. हेडफोन ब्लूटूथचा आहे. आवाज येतो, पण खरखर फार. गिटार गोधडीखाली वाजल्यासारखी वाटते आणि मी दर वेळी ठेक्याच्या मागे पडते. दोन महिने मेट्रोनोम (टकटक करून ठेका देणारं यंत्र) लावून घासतेय, फरक नाही. आता वयामुळे हात जड झालाय का? सोडून द्यावं का, असंही मनात येतं. नवरा म्हणतो, पंधरा हजारांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडायची डबी, घेऊ. घ्यावा का? अँपवर ‘ऑक्स इन’ लिहिलेलं एक बारीक भोक आहे, ते कशासाठी असतं?’

ताई, सगळ्यात आधी तुमच्या हाताबद्दल, कारण पत्रातलं तेच वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. तुमचा हात जड झालेला नाही. ज्या जोडणीवर तुम्ही वाजवताय, तिच्यावर कसलेला वादकही ठेक्यात वाजवू शकणार नाही.

आज रात्री एक करून बघा. हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवा. डाव्या हाताचा पंजा तारांवर हलकेच ठेवून त्या बंद करा आणि पिकने एकच फटका मारा. उघड्या कानाला तारेची कोरडी ‘टक’ ऐकू येईल, आणि मग, बऱ्यापैकी थांबून, दुसऱ्या कानात तीच ‘टक’ येईल. त्या दोन टकांमधली फट म्हणजे तुमचे हे दोन महिने.

ही फट येते कुठून? ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्याने हवेतून पाठवला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. साध्या ब्लूटूथ हेडफोनला यासाठी साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यात गिटारचा आवाज हेडफोनमध्ये यावा म्हणून तुम्ही विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वर टिक केली असणार. ती सोय सवडीने ऐकण्यासाठी आहे, वाजवण्यासाठी नाही. तिचा उशीर वेगळा. आपण नुसते २०० मिलिसेकंद धरू. मिनिटाला १२० ठोके या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे तुमचा स्वर जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा कानात पडतोय.

अंतरात मोजलं तर हे आणखी नीट कळतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २०० मिलिसेकंदांत तो ६८-६९ मीटर गेलेला असतो. क्रिकेटच्या मैदानात तुम्ही खेळपट्टीवर बसलाय, अँप सीमारेषेवर ठेवलाय आणि तिथून येणाऱ्या आवाजावर तुम्ही ठेका पकडताय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. बैठकीत तबलजी हाताच्या अंतरावर बसतो, तो उगाच नाही.

फोनवर कधी आपलाच आवाज आपल्याला उशिरा परत ऐकू येतो, तेव्हा काय होतं? धड बोलणारा माणूस अडखळायला लागतो, शब्द लांबवायला लागतो. साधारण २०० मिलिसेकंदांचा उशीर बोलण्याला सर्वांत जास्त अडवतो, हे फार पूर्वीच तपासलं गेलंय. वाजवण्याचंही तेच. कान म्हणतो ‘मागे पडलास’, हात घाईने पुढे जातो, मग ट्रॅकच्या पुढे गेल्यासारखं वाटतं म्हणून पुन्हा थांबतो. मेट्रोनोम लावून जितकं घासाल तितकी ही ओढाताण हातात मुरते. म्हणून माझं पहिलं सांगणं : उद्यापासून या जोडणीवर एक मिनिटही वाजवू नका. चार दिवस वायर मिळाली नाही तर गिटार कशालाही न जोडता वाजवा. रात्रीच्या शांततेत इलेक्ट्रिक गिटारच्या उघड्या तारा तुम्हाला पुरेशा ऐकू येतात, आणि ट्रॅक लॅपटॉपच्याच स्पीकरवर अगदी हळू लावता येतो.

आता गोधडी आणि खरखर. गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल अशक्त असतो. त्याला पुढे असं भोक लागतं जे त्याच्यावर जवळजवळ काहीच भार टाकत नाही. गिटार अँपचं इनपुट साधारण १० लाख ओहमचं असतं ते यासाठीच. लॅपटॉपचं माइकचं भोक काही हजार ओहमचं. तिथे पिकअप दबतो, आणि सर्वांत आधी वरचे, चमकदार स्वर मरतात. तीच तुमची गोधडी. शिवाय ते भोक बोलण्याच्या छोट्या माइकसाठी असल्याने लॅपटॉप आवाज खूप वाढवून घेतो, त्याबरोबर आतली खरखरही वाढते. आणखी एक त्रास पत्रात नाही, पण तुम्ही अनुभवला असेल : लांब धरलेला स्वर मध्येच विरून जातो. मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून लॅपटॉप एकसारखा चालणारा आवाज गाळून टाकतो. तुमचा लांबवलेला स्वर त्याला पंखाच वाटतो.

तर ताई, गिटार कॉम्प्युटरमध्ये घालायचीच नाही. कॉम्प्युटरचा आवाज गिटारकडे आणायचा. आणि त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या घरात आधीच आहे : ते बारीक भोक.

‘ऑक्स इन’ म्हणजे बाहेरून आणलेलं गाणं आत घेण्याची वाट. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर निघेल आणि या भोकात जाईल. गिटार नेहमीसारखी अँपच्या मोठ्या इनपुटमध्ये. अँपवर हेडफोनचं चित्र किंवा ‘फोन्स’ लिहिलेलं भोक असेल, त्यात वायरचा हेडफोन. बहुतेक अँपमध्ये तो लावला की अँपचा स्पीकर आपोआप बंद होतो. गिटार आणि ट्रॅक अँपमध्येच एकत्र होतात आणि दोन्ही एकाच हेडफोनमध्ये येतात. साध्या अँपमध्ये गिटारचा आवाज तारेतून थेट कानात येतो, उशीर नाहीच. तुमचा अँप डिजिटल इफेक्टवाला असला तरी त्याचा उशीर कानाला जाणवत नाही.

मजेची गोष्ट अशी की ट्रॅक थोडा उशिरा आला तरी काही बिघडत नाही. तो उशिरा सुरू होतो, पण एकसारखा उशिरा चालतो, आणि तुम्ही त्याच्या मागोमाग नाही तर त्याच्याबरोबर वाजवता. बिघडतं ते फक्त आपला स्वतःचा स्वर उशिरा आला की.

घ्यायचं काय, तर दोन्ही टोकांना ३.५ एमएमची स्टीरिओ पिन असलेली दीड-दोन मीटरची वायर. दुकानात ‘ऑक्स केबल’ म्हटलं की देतात. आणि कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला वायरचा हेडफोन. अँपचं हेडफोनचं भोक मोठं असेल तर पाव इंची स्टीरिओ कन्व्हर्टर. पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. एक रेघ म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टीरिओ, तीन म्हणजे माइकवाला मोबाइल हेडफोन. तुम्हाला वायरलाही दोन हव्यात, हेडफोनलाही दोन, कन्व्हर्टरलाही दोन. मोनो कन्व्हर्टर घेतला तर एकाच कानात आवाज येतो आणि माणूस हेडफोन बिघडला समजून नवा घेतो. तीन रेघांचा हेडफोन कुठल्या भोकात चालतो, कुठल्या भोकात त्याची ‘ग्राउंड’ची पट्टी नीट टेकत नाही. मग एक विचित्र प्रकार होतो : गाणं पोकळ होतं आणि मधोमध उभा असलेला गायक नाहीसा होतो. असं झालं तर पिन केसभर बाहेर ओढून बघा, गायक परत येतो. पण कायमचा उपाय दोन रेघांचा हेडफोनच.

ठाण्यात कुठल्याही चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे मिळेल. सुट्टीच्या दिवशी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर एकेका पिनेचे दहा प्रकार समोर मांडून दाखवतात, आणि तिथे हेडफोन लावूनही बघता येतो. वायर-कन्व्हर्टरचा खर्च शंभरांत आहे, हजारांत नाही. पैसे टाकायचेच तर हेडफोनवर टाका. तो रोज तासभर कानावर राहणार आहे. डोक्याला टोचत नाही ना, एवढं तिथेच पाच मिनिटं लावून बघा.

जोडताना सगळे आवाज शून्यावर ठेवा, हेडफोन गळ्यात, कानावर नाही. आधी गिटार पुरेशी ऐकू येईल इतका अँप वाढवा. मग लॅपटॉपचा आवाज हळूहळू वर घ्या. बऱ्याच छोट्या अँपवर ‘ऑक्स’साठी वेगळं बटन नसतं, ट्रॅक कमी-जास्त करायचा तो लॅपटॉपवरूनच. ब्लूटूथ बंद करायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप जुन्या सवयीने त्या हेडफोनकडेच आवाज पाठवत राहील आणि तुम्ही वायर उलटसुलट करत बसाल. ट्रॅक गिटारपेक्षा किंचित खाली ठेवा. शिकताना बहुतेकजण उलटं करतात, ट्रॅकच्या आवाजात स्वतःच्या चुका झाकल्या जातात. मला विचाराल तर दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा तुम्हाला तुमचा हात नीट ऐकू येणं, हे या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण आहे.

एका भोकापासून मात्र जपून राहा. मोठ्या अँपवर ‘स्पीकर आउट’ असतं. तुमच्या छोट्या अँपवर नसेलही, पण उद्या मोठा घेतलात तर त्यातून लॅपटॉपकडे कधीही वायर न्यायची नाही. ते स्पीकर हलवण्याच्या ताकदीचं आहे, लॅपटॉपचं भोक जळून जाईल.

वायर जोडल्यावर एक नवा पाहुणा येऊ शकतो : घूं घूं अशी गुणगुण. ती कुणाची आहे हे शोधायला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण गेली तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. लॅपटॉप आणि अँप वेगवेगळ्या वाटेने जमिनीला टेकतात आणि ऑक्सच्या वायरमधून त्यांचं वर्तुळ पुरं होतं. संध्याकाळीच बॅटरी भरून घ्या आणि तो एक तास बॅटरीवर काढा, बिनखर्चाचा उपाय आहे. नाहीतर दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी त्या वायरमध्ये बसवतात, तीही स्वस्त असते.

चार्जर काढूनही गुणगुण राहिली तर गिटार घेऊन जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला वाढते, दुसरीकडे कमी होते? मग ती पिकअपची आहे. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप अँटेनासारखा आसपासची वीज ऐकतो. चोकवाली ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, लॅपटॉपचा चार्जर. जिथे सर्वांत कमी येते तिथे खुर्ची वळवून बसा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, त्याला घाबरू नका, बहुतेक गिटारींचं तसंच असतं.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. आपल्याकडे गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गुणगुण जाते, हे खरं आहे. पण गिटारच्या तारा अँपच्या त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि तुमचे दोन्ही हात त्या तारांवर असतात. अँपमध्ये काही बिघाड झाला तर वीज जाण्याची ती एकच सुरक्षित वाट आहे. ती पिन कधीही काढू नका, दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून टाळूही नका. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकलं की झिणझिण्या येत असतील किंवा तारांना हात लावून हलकासा झटका जाणवत असेल, तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींमध्ये भोक तीन पिनांचं असतं, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. हे मी स्वतः भाड्याच्या घरात पाहिलंय. बोर्ड उघडला तर हिरवी तार गुंडाळून आत नुसती सोडलेली होती. तोवर महिनाभर मी त्याच बोर्डावर वाजवत होतो.

इंटरफेसचं काय? नवऱ्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त आज त्याची गरज नाही. गिटार रेकॉर्ड करावीशी वाटली किंवा कॉम्प्युटरमधल्या अँपचे आवाज वापरून बघावेसे वाटले, तेव्हा घ्या. त्या वेळी तीन गोष्टी बघा. गिटारसाठी ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटन किंवा इनपुट, ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय (गिटारचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये), आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजवर उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर. इंटरफेस आला की तोच कॉम्प्युटरचं साउंड कार्ड होतो. विंडोजच्या आउटपुटमध्ये त्याचं नाव निवडायचं आणि हेडफोन त्याच्यातच लावायचा. धडा, ट्रॅक, गिटार, सगळं तिथूनच बाहेर येतं. पुष्कळजण गिटार इंटरफेसमध्ये लावतात आणि हेडफोन लॅपटॉपमध्येच ठेवतात, मग पुन्हा तीच रड सुरू होते.

गिटार रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बफर साइज’ दिसेल, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते. तो ‘सॅम्पल्स’मध्ये, आवाजाच्या बारीक नोंदींमध्ये, मोजतात. १२८ सॅम्पल्स म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७. हा उशीर जाताना एकदा आणि येताना एकदा लागतो, शिवाय यंत्राचा थोडा स्वतःचा. जाऊन-येऊन १० मिलिसेकंदांच्या आसपास राहिलं तर तुम्ही अँपपासून साडेतीन मीटरवर बसल्यासारखं आहे. स्टेजवर गिटारवाले याहून लांब उभे राहतात. आवाजात कडकड यायला लागली तर लॅपटॉपला झेपत नाहीये, आकडा एक पायरी वाढवा. सॉफ्टवेअर सुरू करताच ब्राउझरमधला ट्रॅक मुका झाला तर घाबरू नका. बहुतेक वेळा एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवलेलं असतं, दोन्हीकडे एकच आकडा करा. आणि इंटरफेस घेतला तरी ब्लूटूथ हेडफोन परत आणू नका.

संध्याकाळी मुलगी जागी असताना तर यातलं काहीच लागत नाही. अँपचा स्वतःचा स्पीकर चालू ठेवा आणि ट्रॅक दुसऱ्या कुठल्याही स्पीकरवर लावा. तिथे ब्लूटूथ स्पीकरही चालेल, कारण उशीर फक्त ट्रॅकला होतोय. ट्रॅक ऑक्समधून अँपच्या स्पीकरवर टाकला तर गाणं डब्यात बसल्यासारखं वाटेल. गिटारच्या स्पीकरला झांज आणि शब्दांची धार नीट दाखवता येत नाही. अँप जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, कानाच्या उंचीला. दोन्ही आवाज एकाच बाजूने येऊ द्या.

रात्रीच्या दोन गोष्टी राहिल्या. हेडफोनमध्ये आवाज नकळत चढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, पण प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. घरी मोजायचं यंत्र नको. नवऱ्याने हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारली तर बोलणं कळलं नाही तरी हाक लागली पाहिजे. दुसरी गोष्ट तुमच्या पायाची. हेडफोन लावल्यावर आपल्याला वाटतं घरात शांतता आहे, पण ठेका धरणारी टाच फरशीवर आपटत असते आणि खालच्या घरात ती तासभर ऐकू येते. पायाखाली सतरंजीची चौपदरी घडी घाला.

वायर आली की नवा धडा सुरू करू नका. ज्या ट्रॅकवर दोन महिने मागे पडत होतात तोच लावा, वेग ०.७५ करून. स्वर तोच राहतो, लय तेवढी उतरते. आधी पंजा ठेवून तारा बंद करा आणि नुसता उजवा हात चालवा, टक, टक, टक. या वेळी हेडफोनची बाजू सरकवलीत तरी दोन टका ऐकू येणार नाहीत. मग पंजा उचला. कसं झालं ते मला नक्की कळवा, आणि ऑक्स इनच्या शेजारी आणखी एखादं न कळलेलं भोक असेल तर त्याचा फोटोही पाठवा.